फॉक्सप्रोवरची पतसंस्था ब्राउझरमध्ये नेताना काय घेतलं, काय सोडलं

"आमचं सॉफ्टवेअर ऑनलाइन करून द्या." काम आलं ते एवढ्या एका वाक्यात. सांगली जिल्ह्यातली पतसंस्था, तालुक्याच्या गावात मुख्य कार्यालय, आजूबाजूच्या बाजाराच्या गावांत शाखा. सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ह्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेतलं, पण त्याच्या पोटात डॉसच्या फॉक्सप्रो २.६ मधला कोड तसाच्या तसा, म्हणजे यूज, सीक, रिप्लेस (उघड, शोध, बदल) असं सरळ डेटाच्या टेबलावर चाललेलं. ज्या सरांनी लिहिलं ते आता रिटायर झालेत, फोनवर अजून फील्डचं नाव सांगितलं की कुठल्या फॉर्ममध्ये काय होतं ते पाठ सांगतात, पण मशीनपुढं बसत नाहीत.

आता ऑनलाइन म्हणजे काय हे तिघांना विचारलं तर तीन उत्तरं. मॅनेजर साहेबांना रोज संध्याकाळी शाखांचा डेटा पेन ड्राइव्हवर आणून मर्ज करायचा वैताग नको होता. संचालकांना एका शाखेच्या सभासदाला दुसऱ्या शाखेत पैसे काढता आले पाहिजेत. आणि चेअरमन अण्णा म्हणाले, "मला कर्जाची थकबाकी मोबाइलवर दिसू दे, बाकी तुम्ही काय पण करा." हे तिन्ही नीट लिहून काढल्याशिवाय फ्रेमवर्कचं, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर प्रोग्रॅम उभा करायचा त्याचं, नावसुद्धा घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तिघांची सोय एकाच टूलने होईल असं अजिबात नाही.

फॉक्सप्रो बंद पडलंय म्हणून बदला असं सगळे सांगतात. तर मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी १९९२ मध्ये घेतली, २००७ च्या मार्चमध्ये पुढची आवृत्ती येणार नाही म्हणून जाहीर केलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. हे सगळं खरं, पण एक्सई, म्हणजे चालणारा तयार प्रोग्रॅम, आजही विंडोज १० वर, ११ वर मजेत चालते, कारण ती ३२ बिटची आहे. डॉसची जुनी १६ बिटची एक्सई मात्र ६४ बिट विंडोजवर चालत नाही, तिला डॉसबॉक्ससारखा नकली डॉस लागतो. म्हणजे "उद्या बंद पडेल" ही भीती दाखवून मी काम घेतलं नाही. खरी अडचण वेगळी आहे. डीबीएफ, म्हणजे फॉक्स डेटा ठेवतो ती, नुसती फाइल, तिच्यामागं सर्व्हर म्हणून कोणी बसलेलं नाही, त्यामुळे शाखेतून व्हीपीएन (नेटवरचा खासगी रस्ता) लावून मुख्य कार्यालयाची फाइल उघडली की इंडेक्सचे, म्हणजे शोधायच्या सूचीचे, तुकडे नेटवरून शाखेच्या मशीनमध्ये ओढले जातात, आणि मध्येच लाइट किंवा नेट गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी "इंडेक्स डज नॉट मॅच द टेबल" असं येतं आणि मग रीइंडेक्स करत बसायचं, बाहेर पेन्शनवाल्यांची रांग. वर एका टेबलाला २ जीबीची मर्यादा, म्हणून दरवर्षी नवीन फोल्डर, आणि एखाद्या सभासदाचा पाच वर्षांचा उतारा पाहिजे असेल तर पाच फोल्डर उघडायचे.

पहिला पर्याय, ज्याला नवीन पोरं नाक मुरडतात, तो म्हणजे काहीच न बदलता रिमोट डेस्कटॉप. मुख्य कार्यालयात एक बऱ्यापैकी सर्व्हर, फॉक्सची एक्सई आणि डीबीएफ दोन्ही त्याच्यावरच, शाखावाले फक्त त्याची स्क्रीन बघणार. फाइल एकाच मशीनवर राहते म्हणून करप्ट व्हायचं प्रमाण एकदम खाली येतं, आणि पेन ड्राइव्ह त्याच दिवशी बंद. मला तर हा पर्याय फार आवडतो, फक्त दोन गोष्टी पाळायच्या. एक, विंडोज सर्व्हरवर प्रत्येक वापरणाऱ्यामागं रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स लागतं आणि ते फुकटात उरकायचे जे जुगाड यूट्यूबवर सांगतात ते पतसंस्थेत चालत नाहीत, तिथं ऑडिट असतं. दुसरं, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही म्हणजे नाही. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं ते ह्याच दारातलं, आणि रॅन्समवेअरवालेही ह्याच दारातून शिरतात. व्हीपीएनच्या आत ठेवा, नाहीतर पुढं गेटवे लावा, ब्राउझरमधूनच स्क्रीन पाहिजे असेल तर अपाची ग्वाकामोली फुकट आहे आणि चांगलं चालतं.

हे आम्ही सगळ्यात आधी केलं. कायमचं म्हणून नाही, तर पुढचं काम शांतपणे करता यावं म्हणून. मॅनेजर साहेब तेवढ्यावरच खूश झाले, "झालं की ऑनलाइन, आता आणि काय करायचंय?" म्हणाले. अण्णांची थकबाकी मात्र मोबाइलवर काही दिसेना, कारण फॉक्सचा फॉर्म फोनवर उघडला की दिसायला दिसतो पण बोट लावायला जागा नसते.

मग फॉक्सलाच वेबवर नेणारी टूलं बघितली. वेस्ट विंड वेब कनेक्शन म्हणून रिक स्ट्राल ह्यांचं फ्रेमवर्क आहे, फॉक्सच्या लोकांत प्रसिद्ध, ब्राउझरची रिक्वेस्ट येते आणि तुमचा फॉक्सचा कोड उत्तर देतो. फॉक्सइनक्लाउड नावाचं एक फ्रेंच टूल तुमचे फॉर्मच वेबवर चालवतं. थिनफिनिटी व्हर्च्युअलयूआय तर विंडोज प्रोग्रॅमची खिडकीच ब्राउझरमध्ये आणतं, डेल्फी, व्हीबी ६ सगळ्यांना चालतं. टूलं वाईट नाहीत, ज्यांचा कोड नीट लिहिलेला आहे त्यांनी जरूर बघावीत. आमची गोची अशी की व्याज काढायचं गणित कुठंतरी एका जागी नव्हतंच, ते मुदत ठेवीच्या फॉर्मवरच्या बटणाच्या क्लिकमध्ये, थोडं टेक्स्टबॉक्सच्या व्हॅलिडमध्ये, आणि दामदुप्पट ठेवीचं आणखी तिसरीकडंच. एका मोड्यूलचा तर सोर्सच नव्हता, नुसती एक्सई, ती संस्थेची लेखी परवानगी घेऊन रीफॉक्स ह्या टूलने उलगडली. असला कोड वेबवर नेण्यासाठी आधी सगळा उपसायचा, आणि एकदा उपसलाच तर परत फॉक्समध्येच का लिहायचा? पाच वर्षांनी सांगलीत फॉक्स येणारा पोरगा कुठून आणू?

तेवढ्यासाठीच तिसरा एक मार्गही सोडला, म्हणजे फॉक्सचा चेहरा तसाच ठेवून खाली डेटाबेस बदलायचा. त्यासाठी फॉक्समध्येच कर्सर अडॅप्टर आहे, एसक्यूएलएक्झेक आहे, होतं ते. पण सीक आणि रिप्लेसवर उभा असलेला प्रत्येक फॉर्म हाताने बदलावा लागतो.

तयार कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर घ्या, महिन्याला भाडं भरा, असंही एकाने सुचवलं. काही संस्थांना ते बरोबरच आहे, विशेषतः स्वतःचं असं काही वेगळं नसेल तर. इथं मीटिंगमध्ये एका संचालकांनी विचारलं की करार संपला तर आमचा डेटा आम्हाला कुठल्या स्वरूपात परत मिळेल, आणि समोरच्या माणसाने पीडीएफ म्हणून सांगितलं. विषय तिथंच संपला.

राहिलं नवीन लिहिणं. इथं माझं एक मत पक्कं आहे, नवीन फ्रेमवर्क निवडताना आधी मेलेल्या फ्रेमवर्कची यादी वाचावी. माझा एक मित्र साखर कारखान्यात आहे, त्यांच्याकडं ओरॅकल फॉर्म्स ब्राउझरमधून चालायचे जावा ॲपलेटवर, म्हणजे ब्राउझरच्या प्लगइनमध्ये चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमवर, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये क्रोमने ते प्लगइनच काढून टाकलं. मग इंटरनेट एक्सप्लोररच्या आधाराने दिवस काढले, तो जून २०२२ मध्ये गेला. मायक्रोसॉफ्टचं सिल्वरलाइट प्लगइन ऑक्टोबर २०२१ ला संपलं. अँग्युलरजेएस, म्हणजे गूगलच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची ती पहिली वाली, डिसेंबर २०२१. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचे वेब फॉर्म्स अजून जिवंत आहेत पण नवीन डॉट नेटमध्ये ते घेतलेच नाहीत. ह्यातलं प्रत्येक टूल त्या त्या वेळी "ह्याच्यापुढं आता दुसरं काही नाही" म्हणूनच विकलं गेलं होतं. आणि ब्राउझरमध्ये साधं एचटीएमएल पाठवणारे जे होते, त्यांचं काय बिघडलं? काहीच नाही.

म्हणून ठरवलं की पानं सर्व्हरवरच तयार होणार, ब्राउझरमध्ये कमीत कमी जावास्क्रिप्ट, जिथं पानाचा तुकडाच बदलायचाय तिथं एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी, रिॲक्टसारखं मोठं प्रकरण नाही. मागं डॉट नेट किंवा पायथनमधलं जँगो, दोन्ही चाललं असतं, खरं सांगायचं तर डॉट नेट काही कमी नाही, पण आमच्याकडं पायथन येणारे हात होते, लिनक्स सर्व्हरला लायसन्स लागत नाही, आणि जँगोबरोबर ॲडमिन फुकट मिळतं म्हणजे शाखा, व्याजदर, ठेवीचे प्रकार, युजर असल्या मास्टर स्क्रीन लिहाव्याच लागत नाहीत. तेव्हा जँगो ४.२ नुकतं आलेलं, लांब सपोर्टवालं. खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. आणि आजकाल डिप्लोमाच्या पोरालाही पायथन थोडंफार येतं, हिंजवडीला गेला तरी त्याच्या जागी दुसरा मिळतो, हा मुद्दा मी कागदावर पहिल्या नंबरला लिहिला होता.

सगळं एकदम बदलायचं नाही हेही ठरलेलं. राहत्या घरात एकेक खोली उकरावी तसं. आधी फक्त वाचायचं काम, म्हणजे रोज रात्री सर्व्हरवरच्या डीबीएफ पायथनच्या डीबीएफरीडने वाचून पोस्टग्रेसमध्ये टाकायच्या आणि त्याच्यावर थकबाकीची यादी मोबाइलवर. अण्णांचं काम सगळ्यात आधी झालं ते असं, आणि त्याचा फायदा म्हणजे पुढच्या मीटिंगमध्ये पैशाला कोणी हरकत घेतली नाही. मग पिग्मी, मग बचत, मग मुदत ठेव, कर्ज सगळ्यात शेवटी. जे मोड्यूल नव्यात गेलं ते फॉक्समध्ये कुलूपबंद, फक्त दिवसाच्या बेरजेचं एक व्हाउचर फॉक्सच्या किर्दीत, म्हणजे तेरीज (सगळ्या खात्यांच्या बेरजांचा तक्ता) दोन्हीकडं जुळत राहते.

आता ज्या गोष्टी कुठल्याच फ्रेमवर्कच्या पानावर लिहिलेल्या नसतात त्यांच्याकडं येतो, कारण वेळ सगळा तिथंच गेला.

पहिलं म्हणजे मराठी. नावं, पत्ते, जामीनदार सगळं जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये, युनिकोड ह्या आजच्या प्रमाण कोडमध्ये नव्हे. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, फॉन्ट लावला की मराठी. ह्यात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे "शिर्के" मध्ये पहिली वेलांटी, मग श, मग क, त्याच्यावर मात्रा आणि रफार. युनिकोडमध्ये पाहिजे श, मग वेलांटी, मग र, हलन्त, क, मात्रा. वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यायची आणि रफार अख्ख्या जोडाक्षराच्या आधी आणायचा, आणि जोडाक्षर कुठं सुरू होतं हे आधी ओळखायचं. तयार कन्व्हर्टर आहेत, बरेचसे बरोबर करतात, पण आडनावं ही कन्व्हर्टरची परीक्षा असते. "कुऱ्हाडे" घ्या. हा ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. कन्व्हर्टरने एक केला, काउंटरवरच्या ताईंनी टाइप करताना दुसरा आला, आणि शोधल्यावर "सभासद सापडला नाही", माणूस समोर उभा! युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, हे दोन्ही एक करत नाही, ते आपल्यालाच सेव्ह करताना आणि शोधताना करून घ्यावं लागतं. पोस्टग्रेसचं एक मात्र छान आहे, आयसीयू लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अनुक्रमाचा नियम, लावलं की यादीत ळ हा ह च्या नंतर येतो, क्ष आणि ज्ञ शेवटी, आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यासारखं.

दुसरं गणित. समांतर चालवताना, म्हणजे जुनं आणि नवं दोन्हीकडं व्याज काढून ताडून बघताना, काही खात्यांत बरोबर एक रुपयाचा फरक यायचा, बाकी हजारो खाती चोख. फॉक्सचं राउंड अर्ध्याला वर ढकलतं, ४६२.५० चे ४६३. पायथनचं राउंड जवळच्या सम संख्येकडं जातं, म्हणजे ४६२.५० चे ४६२ पण ४६३.५० चे ४६४. म्हणून फरक फक्त पन्नास पैशांवर अडलेल्या खात्यांत, आणि त्यांतही निम्म्यांतच. सी शार्पचं मॅथ राउंडही काही न सांगता वापरलं तर हेच करतं, तेव्हा डॉट नेटवाल्यांनी हसू नये. सगळी रक्कम डेसिमलमध्ये ठेवायची आणि राउंड हाफ अप असं स्पष्ट सांगायचं, की मिटलं. पण हे काउंटरवर समजावणं वेगळं. सभासदाला एक रुपया कमी मिळाला तर तो रुपयासाठी नाही, तत्त्वासाठी भांडतो, आणि बरोबरच आहे.

तिसरं म्हणजे फॉक्सची एक खोड. सेट एक्झॅक्ट ही सेटिंग ऑफ असेल तर डाव्या बाजूची सुरुवात उजव्या बाजूशी जुळली की फॉक्स दोन्ही सारखे समजतो. आमच्याकडं वैयक्तिक कर्जाचा कोड व्ही आणि वाहन कर्जाचा व्हीएच. म्हणजे जुन्या रिपोर्टमध्ये "वैयक्तिक कर्ज येणे बाकी" ह्या आकड्यात वाहनाचीही बाकी मिसळलेली असायची, वर्षानुवर्षं. नव्याचा आकडा कमी आला तेव्हा आमच्या क्वेरीवर संशय घेतला सगळ्यांनी. शेवटी कर्ज विभागाचे काका म्हणाले, "आवो त्यात गाड्या धरतंय ते, मी पेन्सिलीनं वजा करतोय की दर महिन्याला." कागद बघितले तर खरंच प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात पेन्सिलीची वजाबाकी. हे कोणाला सांगितलंय का कधी? "कोण इचारतंय!" त्यानंतर मी कुठलाही जुना रिपोर्ट घेतला की आधी त्याच्या छापील कागदावर हाताने काय लिहिलंय ते बघतो, मग कोड.

तारखांचंही तसंच थोडं. फॉक्समध्ये तारीख रिकामी असू शकते, रिकामी म्हणजे नल (डेटाबेसमधलं "मूल्यच नाही") नव्हे, नुसती कोरी. ती नीट ओळखून नल केली नाही तर पोस्टग्रेस घेतच नाही, एसक्यूएल सर्व्हर कोऱ्या मजकुराची १९०० सालची १ जानेवारी करून टाकतो, मग कर्जाची परतफेड शंभर वर्षांपूर्वीच झालेली.

आणि कळफलक. फॉक्सवर ज्यांनी वीस वर्षं काढलीत त्या माणसांचा हात माउसवर जात नाही, एंटर, एंटर, आकडा, एंटर, झालं व्हाउचर. ब्राउझरमध्ये एंटर मारला की फॉर्मच सबमिट होतो. तर सगळ्या फॉर्मला एंटरने पुढच्या खान्यात न्यायचं थोडं जावास्क्रिप्ट लिहिलं, एफ ५ वर जुन्यात शिल्लक दिसायची तीच ठेवली आणि ब्राउझरचं रिफ्रेश अडवलं. पण कंट्रोल डब्ल्यू! फॉक्समध्ये कंट्रोल डब्ल्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर, बोटांना ती सवयच. ब्राउझरमध्ये त्याने टॅब बंद, आणि साध्या टॅबमध्ये हा शॉर्टकट ब्राउझर आपल्या पानाला देतच नाही, कितीही जावास्क्रिप्ट लिहा. क्रोम ॲप मोडमध्ये उघडला की टॅबच नसतात आणि कळा पानापर्यंत पोचतात, म्हणून काउंटरच्या मशीनवर तसा शॉर्टकट करून डेस्कटॉपवर ठेवला, आणि तरी जोडीला "सेव्ह झालेलं नाही, बाहेर पडायचं का" ही विचारणा. ताईंनी पहिल्याच दिवशी कंट्रोल डब्ल्यू मारून बघितलं, सेव्ह झालं, मग म्हणाल्या "चालतंय." ह्या प्रोजेक्टमध्ये मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट ते.

प्रिंटरबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. पासबुक छापायला डॉट मॅट्रिक्स, आणि ब्राउझरच्या प्रिंट बटणाने ते ग्राफिक मोडमध्ये जातं, घरघर करत एकेक ओळ, आणि ओळ पासबुकच्या रेघेवर बसत नाही. जुना प्रोग्रॅम सरळ अक्षरं पाठवायचा, आधी १५ नंबरचा कोड म्हणजे बारीक अक्षर, मग मजकूर, मग १८ म्हणजे परत नेहमीचं. तेच करायला काउंटरच्या मशीनवर क्यूझेड ट्रे हा छोटा प्रोग्रॅम बसवला, पान त्याला कच्चे बाइट देतं, तो प्रिंटरला देतो. कितव्या ओळीपासून छापायचं, मधली घडी आली की किती ओळी सोडायच्या, हा हिशोब सर्व्हरवर खात्याबरोबर ठेवला. पासबुकातला तपशील इंग्रजी लघुरूपातच राहिला, एका संचालकांना मराठीत पाहिजे होता, त्यांना काउंटरवर नेऊन ग्राफिक मोडमध्ये एक पान छापून दाखवलं. छापून होईपर्यंत रांग दारापर्यंत गेली. त्यांनी परत विषय काढला नाही.

नेट जातं त्याचं काय, हे सगळे विचारतात. शाखेत दोन वेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन, एक वायरचं एक सिमचं, राउटर आपोआप बदलतो. पिग्मी एजंटांची नोंद त्यांच्या मशीनमध्येच राहते आणि नेट आलं की चढते, त्यामुळे ते अडत नाहीत. दोन्ही कनेक्शन एकदम गेलीच तर कच्ची पावती, हाताने. ऑफलाइन चालणारं काउंटर लिहायचा मोह झाला होता, पण एकाच खात्यातून दोन शाखांत ऑफलाइन पैसे निघाले तर निस्तरणार कोण, म्हणून तो विषय फाइलमध्येच ठेवला.

आज कर्जासकट रोजचं सगळं ब्राउझरमध्ये आहे. भाग आणि लाभांशाचं मोड्यूल तेवढं अजून फॉक्समध्ये, ते वर्षातून एकदा सभेच्या आधी चालतं, त्याच्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा तो सर्व्हर ठेवलाय आणि मला तो काढायची काही घाई नाही. नव्या वर्षाच्या बजेटमध्ये जँगोच्या पुढच्या लांब सपोर्टवाल्या आवृत्तीवर जायचा खर्च वेगळा दाखवायला सांगितलाय, मॅनेजर साहेबांनी विचारलं, "आत्ता तर नवीन केलं ना?" त्यांना ४.२ चा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतच होता ती तारीख दाखवली, त्यांनी रक्कम लिहून घेतली.